वॉचमनची रात्र आणि डोळ्यातलं घड्याळ

रात्री ८:००. मीरा रोड पूर्वेला एका सात मजली सोसायटीच्या गेटवर काका ड्युटीवर येतात. काठी, शिट्टी, टॉर्च, डबा. पाळी १२ तासांची. एजन्सीकडून हातात १४ हजार. खाडा झाला की त्या दिवसाचे कापतात. गाव संगमेश्वर तालुक्यात. भाईंदर पूर्वेच्या चाळीत तिघांत एक खोली, वाट्याचं भाडं २ हजार.

रात्री ११:३०. चौकीत डोक्यावर पांढरी एलईडी ट्यूब. तिच्याखाली काका आलेल्या गाड्यांचे नंबर रजिस्टरमध्ये उतरवतात. नंबर दिसतो तो डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशी आणि शंकूपेशींमुळे. पण त्याच पडद्यात थोड्या गँग्लियन पेशी अशा आहेत, ज्या स्वतःच उजेड ओळखतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. नंबर वाचण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. बाहेर उजेड किती आणि किती वेळ, याची खबर ते मेंदूला देतं.

हे प्रथिन १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो यांच्या गटाला आधी बेडकाच्या कातडीत सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी उंदराच्या पडद्यातल्या या पेशी दंड-शंकूंपासून तोडून पाहिल्या. तरी त्या उजेडाला उत्तर देत राहिल्या.

रात्री २:३०. दुसरी फेरी. जिना, गच्चीचं दार, पार्किंग. परत येऊन काका खुर्चीत बसत नाहीत, उभेच राहतात. बसलं की डोळा लागतो. शरीर आता झोपेच्या तळाशी आहे, आणि तोंडावर पाणी मारून ते फसत नाही.

पहाटे ४:३०. पाणी आलं. काका वाकून वॉल्व्ह फिरवतात, मोटर चालू करतात. गच्चीवरची टाकी भरेपर्यंत तिथून हलायचं नाही. टाकी वाहिली तर सेक्रेटरी बोलतात.

सकाळी ६:४५. आभाळ निळं होतं. मेलानॉप्सिन सगळ्यात जास्त याच निळ्या उजेडाला उत्तर देतं, साधारण ४८० नॅनोमीटरच्या. या प्रथिनात जीवनसत्त्व 'अ'पासून बनलेला एक वाकडा रेणू असतो. उजेड पडला की तो सरळ होतो, आणि पेशी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला निरोप धाडते. तिथल्या सुमारे २० हजार पेशींचा झुबका म्हणजे शरीराचं घड्याळ. ते सांगतं, दिवस उजाडला. झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन बंद होतं. काकांची झोप अजून व्हायचीच असते.

सकाळी ८:१०. दिवसपाळीचा वॉचमन येतो. रजिस्टर, चाव्या त्याच्या हवाली. स्टेशनबाहेर चहा १० रुपये, वडापाव २० रुपये. भाईंदरपर्यंत एक स्टेशन, तिकीट ५ रुपये. काका टोपी भुवयांपर्यंत ओढतात. उन्हात डोळे चुरचुरतात म्हणून. पण घरी जाताना डोळ्यांत जेवढा कमी उजेड जाईल, तेवढा त्यांच्या झोपेला फायदाच आहे.

सकाळी ९:३०. खोलीला पत्रा. खिडकीवर जुनी चादर, कडेनं ऊन आत येतं. "ताई, झोप डोळ्यांत असते, पण लागत नाही," काका म्हणतात.

दुपारी १:३०. काका उठून बसतात. चार तासही सलग झोप नाही. जाड काळा पडदा घ्यायचा म्हणतात. दुकानात ४०० रुपये सांगितले, म्हणून राहिला.

संध्याकाळी ६:३०. भात, आमटी. डबा भरतात. गणवेशाला इस्त्री ८ रुपये.

रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. तुमच्या गेटवरही रात्री कुणी उभं असतं. त्याला दुपारी पार्सलसाठी फोन करू नका. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत त्याच्या खोलीसाठी एका काळ्या पडद्याचा खर्च मंजूर करा.