निरोपाची मध्यवर्ती पेटी

समजा, एका सहकारी संस्थेची मुख्य कचेरी यवतमाळला आहे आणि शाखा पुसदला व वणीला. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याने बियाण्याच्या चौकशीसाठी पुसदला फोन केला. कारकून बाहेर गेलेला. आता त्याची फेरी फुकट जायची! यावर उपाय म्हणजे बोलका निरोप साठवणारी पेटी. ती शाखेशाखेत नको. यवतमाळला एकच संगणक पुरे.

हे चालतं कसं? चार-पाच वेळा घंटी वाजूनही कुणी उचललं नाही, की पुसदचं यंत्र तो फोन यवतमाळकडे वळवतं. सोबत मूळ फोन कोणत्या क्रमांकाला आला होता, तेही कळवावं लागतं. नाहीतर संगणकाला कप्पा सापडत नाही; पत्ता नसलेलं पत्रच ते!

दुसरी अडचण अशी. पुसदलाही २१ नंबरचा फोन, वणीलाही २१. मग निरोप कुणाचा? म्हणून क्रमांकाआधी शाखेचा आकडा जोडतात. गुरुजींनी मुलांना एस.टी.डी.चं उदाहरण द्यावं: यवतमाळला ०७२३२, पुसदला ०७२३३. ही सेवा भारतात प्रथम १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली.

निरोप ठेवला, की यवतमाळहून उलट इशारा जातो आणि पुसदच्या फोनवरचा दिवा लागतो. लाइन तुटली तर? तेव्हा फोन शाखेतल्याच दुसऱ्या माणसाकडे जावा, ही तजवीज आधीच करून ठेवावी. आणि दिवा लागला, तरी निरोप ऐकून शेतकऱ्याला उलट फोन करायला माणूसच लागतो, बरं का!