विचारांतला ‘च’

एकोणीस वर्षांचा एक बुजरा तरुण न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिला. मुलींशी बोलायची त्याला फार भीती वाटे. म्हणून त्याने स्वतःलाच अट घातली, बाकावर कोणी एकटी दिसली की शेजारी बसायचे आणि मिनिटभरात बोलायला लागायचे. (आज कोणी हे करू नये, हे वेगळे!) शंभर जणींशी तो बोलला. भेटायला येते म्हणाली एकच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्याने अनुभवले होते.

हा तरुण म्हणजे अल्बर्ट एलिस. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर १९५५ मध्ये त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांच्या लेखनातून ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

एलिस यांच्या मते, प्रसंगापेक्षा आपला हट्ट अधिक त्रास देतो. मराठीत हा हट्ट पकडणे सोपे आहे. तो बहुधा ‘च’मध्ये दडलेला असतो. ‘मुलीला नव्वद टक्के मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजेत’ ही मागणी. ऐंशी मिळाले, तर इच्छा बाळगणारे पालक हळहळतात आणि पुढचे बघतात. मागणी करणारे संतापतात, नाहीतर खचतात.

असा ‘च’ सापडला, की ‘असे कुठे लिहून ठेवले आहे?’ असे स्वतःला विचारावे. पण नुसत्या विचारण्याने भागत नाही. सभेत बोलायला घाबरणाऱ्याने सोसायटीच्या पुढच्या सभेत एक तरी प्रश्न विचारावा. आवाज कापला तर कापू द्यावा.