पत्र्याचा स्वभाव संगणकाला कोण सांगणार?

‘सॉफ्टवेअरमध्ये पार्ट ओके होता, मग प्रेसमधून निघाल्यावर तो उघडला कसा?’ बोईसरच्या एका डायमेकर वाचकाचा हा प्रश्न तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही प्रेसशॉपचा असू शकतो. संगणकाने गणित चोख केलं होतं. पत्र्याची माहितीच त्याला अपुरी मिळाली होती.

तारापूरलाच टाटा स्टीलचं कोल्ड रोलिंग चालतं. रोलांखालून जाताना पत्र्यातल्या स्फटिकांना दिशा मिळते आणि नंतरच्या तापवणीतही ती पुरती जात नाही. म्हणून कापड जसं तिरकं ओढलं की वेगळं ताणतं, तसा पत्राही उभा, आडवा आणि तिरका वेगवेगळा वागतो. गोल चकतीची डीप ड्रॉइंगने वाटी काढून पाहा. काठ एकसारखा येत नाही; बहुधा चार ठिकाणी कान उभे राहतात आणि ते छाटावे लागतात.

हा दिशाभेद रॉडनी हिल यांनी 1948 मध्ये सूत्रात बसवला. ते सूत्र सॉफ्टवेअरमध्ये अजून सर्रास वापरलं जातं. पण 1970 मध्ये वुडथॉर्प आणि पिअर्स यांना अॅल्युमिनियम एकाच वेळी दोन दिशांना ताणल्यावर सूत्राच्या अंदाजापेक्षा दणकट निघालेलं आढळलं. हिल यांनी स्वतःच पुढे नवी सूत्रं मांडली, हा त्यांचा मोठेपणा. 2003 मध्ये बार्लाट आणि सहकाऱ्यांनी आठ गुणांक असलेलं सूत्र दिलं.

प्रेसमधून निघाल्यावर पार्ट उघडतो, तो स्प्रिंगबॅक. त्याचा अंदाज का चुकतो, याचं एक उत्तर मात्र त्याहून जुन्या शोधात आहे. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी 1880च्या दशकात दाखवलं की एकदा ताणलेला धातू उलट दिशेने दाबला तर लवकर नमतो. डायच्या गोलाईवरून सरकताना पत्रा आधी वाकतो, मग सरळ होतो. आतली बाजू आधी दाबली जाते, मग ताणली जाते. फक्त ताण-चाचणीवर बेतलेल्या मॉडेलला हे कळणार कसं? योशिदा आणि उएमोरी यांच्या 2002च्या मॉडेलने बाउशिंगरना न्याय दिला. पत्रा जितका ओढला जातो तितका त्याचा लवचिकता गुणांक घटतो आणि स्प्रिंगबॅक वाढतो, हेही त्यात धरलं आहे.

आता अशा सॉफ्टवेअरमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची जाहिरात जोरात आहे. पण कॉइलसोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर बहुतेकदा एकाच दिशेच्या ताण-चाचणीचे आकडे असतात. नव्या लायसन्सवर पैसे घालण्याआधी त्याच कॉइलमधून 0, 45 आणि 90 अंशांत पट्ट्या कापा, त्यांची चाचणी करून घ्या आणि जमल्यास ताण-दाबाचीही. ते आकडे हाती आले की जुनं सॉफ्टवेअरसुद्धा डायच्या ट्रायआउटच्या बऱ्याच फेऱ्या वाचवेल.