दहा वर्षांची मुदत कशाला होती?

‘बाबासाहेबांनीच आरक्षण दहा वर्षांसाठी दिलं होतं, पुढाऱ्यांनी मतांसाठी ते लांबवलं.’ भरती परीक्षेचा निकाल असो की चौदा एप्रिल, हे वाक्य ऐकू येतंच. चांगली शिकलेली माणसंही ते शपथेवर सांगतात. राज्यघटना मात्र कोणी उघडत नाही.

उघडली, तर दहा वर्षं सापडतात ती कलम 334 मध्ये. हे कलम फक्त लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांबद्दल आहे. नोकरीतल्या आरक्षणाचा आधार आहे कलम 16(4). त्यात मुदतीचा शब्दही नाही, पहिल्या दिवसापासून नाही. शिक्षणातल्या आरक्षणाचं कलम 15(4) तर 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. मद्रास सरकारचा जातवार प्रवेशांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर ही दुरुस्ती झाली. तेव्हा कायदामंत्री खुद्द आंबेडकर होते, आणि या कलमातही मुदत नाही. म्हणजे ज्या नोकऱ्या-प्रवेशांवरून सगळा वाद, त्यांना ती दहा वर्षं कधी लागूच नव्हती.

बरं, राजकीय जागांची मुदत तरी आंबेडकरांच्या मनासारखी होती का? 25 ऑगस्ट 1949 चं घटना समितीतलं त्यांचं भाषण छापील आहे. अनुसूचित जातींसाठी अधिक मुदत मागायची आपली तयारी होती, असं ते त्यात स्पष्ट सांगतात. समितीने ठरवलं म्हणून दहा वर्षं मान्य करतात. ही मुदत दर दहा वर्षांनी संसदेनेच वाढवली. 2019 च्या 104 व्या दुरुस्तीनुसार ती आता जानेवारी 2030 पर्यंत आहे.

आणखी काही समज:

आरक्षण घटनेपासून सुरू झालं: नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1902 मध्येच मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या.

राखीव जागा म्हणजे हमखास विजय: 1952 मध्ये उत्तर मुंबईतल्या राखीव जागेवर खुद्द आंबेडकर हरले.

आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं ते फक्त हिंदू कोड बिलावरून: ते मोठं कारण होतंच. पण 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरण आणि मागासवर्गीयांची उपेक्षा यांवरही नाराजी आहे.

आरक्षण चालू ठेवावं की बंद करावं, यावर खुशाल वाद घाला. आपलं मत आंबेडकरांच्या नावावर मात्र खपवू नका.