तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

"मॅडम, सी विंगमधलं लाकडी कपाट भंगारात चाललंय. बघायचं तर आजच या, उद्या बाराला चाव्या द्यायच्यात."

कांजूरमार्ग पश्चिमेच्या एका सोसायटीतल्या वॉचमनचा हा फोन आला तेव्हा मी गोरेगावला सेटवर होते. पॅकअप झाल्यावर आमच्या सुतार मिस्त्रींना गाडीत घातलं आणि लिंक रोडने थेट तिथे पोहोचले. मालिकांच्या कलाविभागात मी अठरा वर्षं प्रॉपर्टी जमवते. आमच्या बोलीत प्रॉपर्टी म्हणजे दृश्यात दिसणारी आणि नटाच्या हाताला लागणारी प्रत्येक वस्तू. वॉचमन, रद्दीवाले, टेम्पोवाले हीच आमची खरी बातमीदार मंडळी. उपनगरातली उत्तम जुनी वस्तू दुकानात जाण्याआधी एक रात्र अशाच एखाद्या रिकाम्या होणाऱ्या घरात उभी असते.

कपाट सहा फुटांच्या वर, सागवानी, दोन दारांचं, खाली रुंद खण. "सासऱ्यांनी करून घेतलेलं," त्या घरातल्या आजी म्हणाल्या. "मग गोदरेजचं आलं आणि हे गॅलरीत गेलं." या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हेच घडलंय. शेजारचंच स्टेशन गोदरेजच्या कारखान्याचं विक्रोळी. गोदरेजची पोलादी कपाटं 1923 पासूनची, आणि पगारदाराच्या घरात आरशाचं, भक्कम कुलपाचं लोखंडी कपाट येणं ही मिरवायची गोष्ट होती. लाकडी कपाट मागे सरकलं. त्यात रिकामे डबे, रद्दी आणि गणपतीची मखरं राहू लागली. आता इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या छोट्या घरात दोन कपाटं मावणार नव्हती.

अडचण जिन्याची होती. वळणावर ते फिरेना. भंगारवाला करवत घेऊनच आला होता. "मधोमध कापून नेतो," म्हणाला. मिस्त्री मात्र मोबाइलचा उजेड पाडून पाठीवरून हात फिरवत राहिले. "ताई, जिना तोच आहे ना? मग हे अख्खं वर चढलंच नसणार."

सबंध सांगाड्यात एक खिळा नव्हता. प्रत्येक कुसू खाचेत घट्ट बसवलेलं आणि त्यातून आरपार एक लाकडी खुंटी. मिस्त्रींनी बारीक दांडा लावून मागून हलक्या हाताने ठोकलं तशी पहिली खुंटी निसटली. मग दुसरी. दीड तासात कपाट जमिनीवर आडवं झालं. तेव्हा सांध्यांच्या आत पटाशीने मारलेल्या खुणा दिसल्या: एका जोडाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. कोणता तुकडा कुठे बसतो ते त्या सुताराने पुढच्या सुतारासाठी लिहून ठेवलं होतं. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही बोलवेना.

आजींनी 4,000 मागितले, मी तेवढेच दिले. दुकानात मी मनसोक्त घासाघीस करते, पण घर सोडणाऱ्या माणसाशी करत नाही. टेम्पो आणि हमाली मिळून 2,700 झाले, दुरुस्ती-पॉलिशचे 6,000. कमी पैशात जुन्या वस्तूंनी घर सजवायचं म्हणणारे फक्त वस्तूची किंमत विचारतात; खरा खर्च तिला घरी आणून उभी करण्यात असतो. तरीही तेवढ्या पैशात आज भुशाच्या पाट्यांचंच कपाट येतं, आणि त्याची तळफळी दोन पावसाळ्यांत फुगते.

दुकानांचे अनुभव वेगळे. ओशिवऱ्याच्या बाजारात मी वर्षानुवर्षं जाते, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरही. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे नजर आणि विजेरी दोन्ही लागतात. एकदा वाड्याच्या सेटसाठी एका दुकानातून 'शंभर वर्षांचं' टेबल घेतलं. सेटवर खण उपसून पाहिला तर आतल्या सांध्याला अधिकच्या चिन्हाचा स्क्रू! तो स्क्रूच मुळी 1930च्या दशकातला. मुठी नंतर कोणी बदलू शकतं, म्हणून मुठींवर मी विसंबत नाही. खण पूर्ण बाहेर काढून आतले सांधे आणि पाठ बघते. भोकांतून पांढरट ताजी भुकटी गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे, ती वस्तू तिथेच सोडते. पर्समध्ये स्पिरिटची बाटली असते. कापसाचा बोळा न दिसणाऱ्या कोपऱ्यात टेकवला आणि थर चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश. आजकालचा पॉलियुरेथेनचा थर तसा विरघळत नाही. आरशाच्या बाबतीत सगळेच 'बेल्जियम काच' म्हणतात आणि नख टेकवून दाखवतात. नख आणि प्रतिबिंब यांतल्या अंतरावरून काच किती जाड ते कळतं, ती कुठल्या देशातली ते नाही.

एक गोष्ट सेटवरच शिकले. रंगवलेलं प्लाय कॅमेऱ्याला सागवान वाटू शकतं, पण नटाने दार लावलं की आवाज पोकळ येतो. ध्वनिमुद्रक लगेच मान वर करतो. म्हणून मी विकत घेण्याआधी दार दोनदा उघडून लावते आणि डोळे मिटून ऐकते.

पितळेच्या बाबतीत मात्र जीव तुटतो. घंगाळं, हंडे, पितळी डबे भंगारात किलोवर जातात आणि वितळतात. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली तो ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. ते बघितल्यापासून वजनकाट्यावर चढलेलं घंगाळ मला बघवत नाही. मोडीच्या भावाने एक घेतलंय. त्यात मनीप्लँट आहे. देवाच्या मूर्ती मात्र मी घेत नाही, कितीही स्वस्त मिळोत. कोणत्या देवळातून, कोणाच्या देव्हाऱ्यातून आल्या ते कळत नाही. शिवाय शंभर वर्षं झालेल्या मूर्तींना 1972चा पुरावस्तू कायदा लागू होतो.

ते कपाट सेटवर गेलंच नाही. रेघा जुळवत मिस्त्रींनी ते माझ्याच घरात उभं केलं. खणात एक जुनी चावी आणि मेणबत्तीचा बोटभर तुकडा सापडला होता. वीज गेली तर असू दे, म्हणून तो तिथेच ठेवला.

जुलैमध्ये डावं दार फुगून असं अडकलं की हलेना. रंधा मारावा का, हे विचारायला आजींना फोन केला.

"रंधा नको गो बाये!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "खणात मेणबत्ती होती ना? ती दिवे गेल्यावरची नव्हे. दाराच्या कडेला घासायची."