विषबाधेची भरपाई आणि पहिल्या दिवसाचा पुरावा

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांतील लोकांच्या डोक्यास प्रथम खाज सुटली, आणि त्यानंतर अवघ्या तीन-चार दिवसांत केस मुळासकट हाती येऊ लागले. वृद्धांपासून मुलांपर्यंत कोणीही यातून सुटले नाही. ही गावे खारपाणपट्ट्यातील असल्यामुळे साहजिकच पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्याचे नमुने घेण्यात आले, क्षार व नायट्रेट यांचे प्रमाण अधिक आढळले, आणि पुष्कळांनी विहिरीचे पाणी सोडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही तपासणीसाठी आले.

पुढे २०२५ च्या प्रारंभी महाडचे प्रसिद्ध वैद्य डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. १८ गावांतील २७९ व्यक्तींना ही बाधा झाल्याचे त्यांनी नोंदविले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले होते, आणि रास्त भाव दुकानातून मिळालेल्या गव्हात ते किलोस सुमारे १४ मिलीग्रॅम इतके आढळले. गहू धुतल्यानेही ते फारसे उतरले नाही. हा निष्कर्ष सर्वांनी तत्काळ मान्य केला असे नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या घरी कणगीत त्या महिन्याचा गहू थोडासा शिल्लक होता, त्या घरचा गहू तपासता आला. ज्या घरी तो संपला होता, त्या घरी केवळ तोंडची हकीकत उरली.

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ६५ अन्वये, अन्नपदार्थामुळे ग्राहकास इजा अथवा मृत्यू आल्यास तो पदार्थ उत्पादन, वितरण अथवा विक्री करणाऱ्याकडून भरपाई देवविता येते. मृत्यू आल्यास ती पाच लाख रुपयांहून कमी नसावी, गंभीर इजेबद्दल तीन लाखांपर्यंत व इतर इजेबद्दल एक लाखापर्यंत असावी, असे त्या कलमात म्हटले आहे. त्याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे खरेदीदारास स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. ही तरतूद खेड्यांत फारशी कोणास ठाऊक नाही. आता रेशनचे धान्य विनामूल्य मिळते, त्यामुळे ‘ग्राहक’ म्हणून ग्राहक आयोगापुढे उभे राहणे अवघड जाते, कारण तेथे मोबदला दिलेला असणे आवश्यक असते. अन्नसुरक्षा कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येत मात्र विकत घेणाऱ्याबरोबर अन्न स्वीकारणाऱ्याचाही उल्लेख आहे. सबब अशा प्रसंगी याच मार्गाचा प्रथम विचार करावा.

शेगावच्या घटनेवरून जे दिसून येते, तेच कीटकनाशकांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने दिसते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, हवा दमट होती, आणि फवारा वर उडून फवारणाऱ्याच्याच अंगावर पडत होता. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली, आणि पुढे यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. म्हणजे आपला जिल्हाही त्या धोक्याच्या बाहेर मानला गेला नव्हता.

यवतमाळच्या प्रकरणाचा पुढील भाग विस्ताराने सांगणे जरूर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील सरकारी संपर्क केंद्राकडे सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तक्रार करण्यात आली. त्याखेरीज मृत शेतकऱ्यांच्या दोन विधवा व एक बचावलेला शेतकरी यांनी बाझल येथील न्यायालयाचा मार्ग धरला. त्यांचे म्हणणे असे की ‘पोलो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, डायफेन्थियुरॉन हे द्रव्य असलेल्या औषधामुळे ही हानी झाली. कंपनीने हे आरोप अमान्य केले आहेत. त्याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु एका खेड्यातील विधवेस सातासमुद्रापलीकडे दावा उभा करता आला, तो कशाच्या बळावर? यवतमाळ पोलिसांच्या नोंदींत ९६ प्रकरणांमध्ये त्या औषधाचे नाव लिहिले गेले होते, आणि त्यांपैकी दोन प्रकरणे मृत्यूची होती. ज्या बाधितांच्या कागदांवर औषधाचे नावच लिहिले गेले नाही, किंवा केवळ ‘कीटकनाशक’ इतकेच लिहिले गेले, त्यांना असा दावा कोणाविरुद्ध करावा हेच सांगता येत नाही.

यास्तव विषबाधा झाल्यास सर्वप्रथम रोग्याचा जीव वाचवावा हे उघड आहे. अंगावरील कपडे तत्काळ उतरवावेत, कातडी साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी, आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा. डोळ्यांची बाहुली बारीक होणे, लाळ व घाम सुटणे, धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा अथवा बाटली व तिच्यासोबतचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. उताऱ्याचे औषध त्यावर छापलेले असते आणि डॉक्टरांस त्याचा उपयोग होतो. तोच डबा पुढे पुराव्याचे काम करतो.

डॉक्टरांस हकीकत सांगताना ‘फवारणी करताना बाधा झाली’ हे शब्द स्पष्टपणे उच्चारावेत आणि केसपेपरवर ते लिहिले गेले की नाही ते पाहावे. विदर्भात ही अत्यंत नाजूक बाब आहे. त्याच औषधाचे प्राशन करून जीव देणारेही दुर्दैवाने पुष्कळ असल्याने, घाईगर्दीत ‘विष प्राशन’ अशी नोंद होऊन बसते. एकदा ती नोंद झाली की अपघाताची मदतही जाते आणि दावाही दुबळा होतो. घरची माणसे त्या वेळी घाबरलेली असतात. तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने, पोलीस पाटलाने अथवा शेजाऱ्याने दवाखान्यात सोबत जाऊन एवढे एक काम करावे. आमच्या मते भरपाईच्या संपूर्ण व्यवहारात याहून मोलाचे दुसरे काम नाही.

रिकामा डबा फोडून जमिनीत पुरावा असे आम्हीच आजवर सांगत आलो, आणि एरवी ते योग्यच आहे. परंतु विषबाधा घडली असता मात्र तो पुरू नये. उरलेल्या औषधासह त्याचे तोंड घट्ट बंद करून, मुलाबाळांपासून व गुराढोरांपासून दूर, कुलपात ठेवावा. लेबलावरील बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, तसेच विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग हे सर्व शाबूत राहिले पाहिजे. भिजलेले कपडेही न धुता वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावेत. नंतर तालुका कृषी अधिकाऱ्यास लेखी कळवून कीटकनाशक निरीक्षकाकडून दुकानातील त्याच बॅचचा नमुना घेण्याची मागणी करावी. कीटकनाशके कायदा, १९६८ प्रमाणे असा नमुना तीन भागांत विभागून मोहोरबंद केला जातो व त्यातील एक भाग विश्लेषकाकडे जातो. आपल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये.

आता भरपाईचे मार्ग पाहू. खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांस गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात आणि जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा तीत समाविष्ट आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा व व्हिसेराचा अहवाल नसल्यास प्रकरण अडते.

ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या भूमिहीन फवारणी मजुरास ही योजना लागू होत नाही, आणि पंप तर बहुधा त्याच्याच पाठीवर असतो. त्याच्यासाठी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीकामात कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणाऱ्यांचा उल्लेख केलेला होता. या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. अर्थात या मार्गाने भरपाई मालकाकडून मिळावयाची, आणि मालक स्वतःच दोन एकरांचा धनी असला तर निकाल हाती येऊनही पैसा कोठून यावा, हा प्रश्न राहतोच. ही अडचण कायद्याने अद्याप सोडविलेली नाही.

माल सदोष असल्यास, अथवा त्यावर पुरेशी सूचना व धोक्याचा इशारा नसल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या सहाव्या प्रकरणाखाली उत्पादकाविरुद्ध दावा करता येतो. बुलढाण्याच्या रहिवाशास कंपनी मुंबईची असली तरी बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढेच तक्रार मांडता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तथापि याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये उत्पादकाचे व विक्रेत्याचे बचावही दिलेले आहेत, ते शेतकऱ्याने आधीच समजून घ्यावेत. मालाचा दुरुपयोग झाला किंवा त्यात फेरबदल केला, तर विक्रेता सुटू शकतो. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवून मारण्याची जी चाल पडली आहे, ती शरीरास जशी घातक, तशीच दाव्यासही घातक होय. मद्याच्या अमलाखाली फवारणी केल्याचे दिसल्यास तोही बचाव ठरतो. आणि इशारा मालकास दिलेला असला की मजुरास तो पोहोचला नाही ही सबब पुरी पडत नाही. म्हणून मालकाने लेबल मजुरास वाचून दाखवावे व हातमोजे, तोंडपट्टी इत्यादी साहित्य द्यावे.

दुकानदाराने ‘हे मारा, ते मारा’ असे तोंडी सांगितल्यास ते त्याच्याकडून बिलाच्या पाठीवर लिहून घ्यावे. तो लिहून देण्यास कचरला, तर त्यावरूनच काय ते समजावे.

बियाण्यासंबंधी थोडक्यात सांगतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या व मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यापूर्वी, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच होय असे ठरविले. विकत घेतलेले सारे बियाणे तो पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असेही न्यायालयाने मान्य केले. तरीसुद्धा मूठभर बियाणे, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व बिल राखून ठेवावे. उगवण न झाल्यास दुबार पेरणीसाठी शेत मोडण्यापूर्वी तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून पाहणी व पंचनामा करून घ्यावा, कारण वखर फिरल्यानंतर समितीस पाहण्यासारखे शेतात काहीच उरत नाही.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अल्प उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, आणि अर्जासोबत बिल, केसपेपर, पंचनामा व अर्जाच्या पोचा यांच्या छायाप्रती द्याव्यात. मूळ कागद मात्र घरीच ठेवावेत.