हळदीवरील करपा

हळदीवरील करपा : हळदीच्या (कुर्कुमा लाँगा) पानांवर कवकांमुळे (बुरशींमुळे) डाग पडून ती वाळतात, त्या रोगांना शेतकरी सामान्यतः ‘करपा’ म्हणतात. सातारा जिल्ह्यातील वाई, कोरेगाव व कराड आणि सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा व पलूस या तालुक्यांत, कृष्णेच्या खोऱ्यात, हळद हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. सांगली ही हळदीची देशातील एक प्रमुख बाजारपेठ असून ‘सांगली हळद’ या नावास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा विक्रीयोग्य भाग जमिनीत वाढणारा असला, तरी त्यात साठणारे अन्नद्रव्य पानांतच तयार होते. त्यामुळे कंद पोसण्याच्या काळात पाने करपल्यास हळकुंडे बारीक राहतात. रोगाची तीव्रता अधिक असेल, तर उत्पादन निम्म्याहूनही कमी होऊ शकते.

प्रकार व लक्षणे : करप्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला प्रकार कोलेटोट्रिकम वंशातील कवकामुळे होतो. हे कवक कोलेटोट्रिकम कॅप्सिसी या नावाने सर्वपरिचित आहे. पानाच्या वरच्या बाजूस लंबवर्तुळाकार डाग पडतात. ते वाढून ४-५ सेंमी. लांब व २-३ सेंमी. रुंद होतात. डागाचा मध्य करडा, कडा तपकिरी व भोवती पिवळे वलय असते. करड्या भागावर काळे सूक्ष्म ठिपके एकाआड एक वर्तुळांत दिसतात. ही कवकाची बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म घटक) निर्माण करणारी पुंजिका होत. डाग एकमेकांत मिसळले म्हणजे सर्व पान वाळते. दमट हवा व २५°-३०° से. तापमान या रोगास अनुकूल असल्याने तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाढतो.

दुसरा प्रकार टॅफ्रिना मॅक्युलन्स या कवकामुळे होतो. ई. जे. बटलर या कवकवैज्ञानिकांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन केले. या रोगात पानाच्या दोन्ही बाजूंस १-२ मिमी. रुंदीचे, मळकट पिवळे, चौकोनी ठिपके शिरांच्या दिशेने ओळींत उमटतात व पुढे ते गडद होतात. असंख्य ठिपके एकत्र आल्यावर पान तांबूस तपकिरी दिसते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील थंड व दवयुक्त हवेत याचा जोर असतो.

पान पिवळे पडण्याचे प्रत्येक कारण करपा नव्हे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाची कमतरता पडल्यास कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. पीक पक्व होताना, डिसेंबर-जानेवारीनंतर, पाने स्वाभाविकपणेच वाळतात. अशा वेळी कवकनाशक फवारणे निरर्थक होय.

प्रसार : कोलेटोट्रिकम हे कवक बेण्यावरील वाळक्या खवल्यांत व शेतातील पालापाचोळ्यात टिकते, तर टॅफ्रिना रोगट पानांच्या अवशेषांत उन्हाळा काढते. काढणीपूर्वी हळदीचा पाला कापला जातो. तो शेतात किंवा बांधावर पडून राहिल्यास पुढील हंगामातील रोगाचे बीज शेतातच राहते. पावसाचे तुषार व वारा यांमुळे बीजुके एका पानावरून दुसऱ्यावर जातात. पानांवर दिसणारा रोग असा बव्हंशी मागील हंगामापासून चालत आलेला असतो. त्यामुळे तो दिसल्यावर करावयाच्या फवारणीपेक्षा लागवडीपूर्वी घेतलेली काळजी अधिक परिणामकारक ठरते.

प्रतिबंध : बेणे रोगमुक्त शेतातून घ्यावे. निरोगी, भरदार जेठे गड्डे निवडून त्यांवरील मुळ्या व सैल खवले काढावेत, शिफारस केलेल्या कवकनाशकाच्या द्रावणात ते बुडवावेत व सावलीत सुकवून मगच लावावेत. कापलेला रोगट पाला गोळा करून शेताबाहेर नष्ट करावा. एकाच शेतात लागोपाठ हळद न घेता फेरपालट करावी. दाट लागवड व नत्राची अतिरिक्त मात्रा टाळावी, कारण दाट पाल्यात ओलावा टिकून राहतो. गादी वाफ्यावर लागवड करून ठिबक सिंचनाने पाणी दिल्यास पाने कोरडी राहतात आणि पाण्याचा निचराही चांगला होतो.

उपचार : प्रारंभीचे डाग दिसताच रोगट पाने काढून जाळावीत व कवकनाशक फवारावे. बोर्डो मिश्रण हा जुना व अद्याप उपयुक्त उपाय आहे. फ्रान्समधील बॉर्दो परिसरात द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठी मीयार्दे यांनी १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागाईतदारांना तो परिचित आहे. १ टक्का मिश्रणासाठी १ किग्रॅ. मोरचूद ५० लि. पाण्यात व १ किग्रॅ. कळीचा चुना ५० लि. पाण्यात वेगवेगळे कालवून दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळतात. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. मिश्रणात बुडविलेल्या लोखंडी चाकूवर तांबूस थर आल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. इतर कवकनाशके कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसार, आलटूनपालटून व चिकटद्रव्यासह वापरावीत. फवारा पानांच्या दोन्ही बाजूंस पोहोचणे आवश्यक असते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज (ता. मिरज) येथील संशोधन केंद्रात हळदीच्या जाती व लागवडतंत्र यांवर कार्य चालते. ‘कृष्णा’ व ‘फुले स्वरूपा’ या जाती तेथूनच प्रसारित झाल्या. जातीपरत्वे रोगास बळी पडण्याचे प्रमाण कमीअधिक असते.

परसात किंवा कुंडीत लावलेल्या हळदीसही हा रोग होतो. तेथे डागाळलेले पान देठासह काढणे, पाणी बुंध्याशी देणे, कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवणे व वाळलेली पाने कुंडीत न कुजविणे एवढे उपाय बहुधा पुरेसे होतात. पुढील वर्षासाठी कंद ठेवताना मात्र रोगट झाडाचे कंद बेण्यासाठी वापरू नयेत.